आधी आईबापांचा धडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मसुऱ्यात तिन्हीसांज झाली की वाडीवाडीतून एकच हालचाल सुरू होते. खळ्यात खेळणारी पोरे हातपाय धुऊन घरात येतात. तुळशीपुढे दिवा लागतो, एखाद्या घरातून ‘शुभंकरोती’ ऐकू येते. पूर्वी त्यापाठोपाठ पाढ्यांचा परवचा चाले. आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात त्याच वेळी क्रुसापुढे मेणबत्ती लागते आणि जपमाळेची प्रार्थना सुरू होते. आमच्या बोलीत तिला ‘तेर्स’ म्हणतात. तेर्स संपला की मुलांनी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे हात जोडून उभे राहायचे आणि ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद मागायचा. रीत वेगळी, पण आईबापांच्या पोटातली काळजी एकच. आपल्यामागे या पोरांच्या मनात काहीतरी चांगले उरावे, एवढीच ती काळजी.

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्त झालो तरी पालक येऊन ओटीवर बसतात आणि फिरून फिरून दोनच प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, ‘गुरुजी, संस्कार करायला वेळ कुठून आणायचा?’ सकाळी शाळा, दुपारी शिकवणी आणि रात्री हातात मोबाईल. दुसरा प्रश्न, ‘पोर ऐकतच नाही, मग मारायचे नाही तर करायचे काय?’ मी ख्रिस्ती असल्यामुळे या प्रश्नांची उत्तरे बायबलात शोधतो. ती आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. ऐकणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे आहेत, याची मला जाणीव आहे. पण मूल वाढवताना होणारी दमछाक काही धर्म पाहून येत नाही.

चार वेळा

बायबलाच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचे एक पुस्तक आहे. चाळीस वर्षे रानावनात भटकलेले इस्राएल लोक आता घरेदारे बांधून स्थिरावणार आहेत आणि वृद्ध मोशे त्यांना निरोपाचे चार शब्द सांगतो आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात मुलांना देवाची वचने केव्हा शिकवावीत, हे सांगितले आहे. घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. बस, एवढ्याच चार वेळा. त्यात वेगळा तास नाही, फळा नाही, घंटा नाही. या चार वेळा मळ्यात राबणाऱ्यापाशी आहेत आणि मुंबईला लोकलने जाणाऱ्यापाशीही आहेत. वेळ कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर मोशेने देऊन ठेवले आहे. वेळ आणायचा नाही, आहे तोच वापरायचा.

पण याच्या अगोदरचे एक वाक्य पुष्कळांच्या नजरेतून सुटते. मुलांना शिकवा, असे म्हणण्याआधी मोशे मोठ्यांना बजावतो की ही वचने प्रथम तुमच्या स्वतःच्या अंतःकरणात असू द्या. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी आईबापांचा धडा, मग मुलांचा. पहिला धडा झाला नसेल तर दुसरा होत नाही. कारण मुले आपले बोलणे अर्धे ऐकतात आणि वागणे मात्र पुरे पाहतात. आंब्याच्या हंगामात बाप हापूसची पेटी भरत असतो आणि पोर शेजारी बसून गवत पसरत असते. वरच्या थरात मोठी फळे आणि खाली बारकी लावली, तर त्या पोराचा त्या दिवशीचा धर्माचा तास झाला. मग रात्री प्रामाणिकपणावर कितीही बोला, ते वाऱ्यावरच जाणार.

अनुवादाच्या त्याच अध्यायात ही वचने घराच्या दारबाह्यांवर लिहायला सांगितली आहेत. याचे जिवंत उदाहरण आपल्या कोकणातच आहे. अलिबागच्या बाजूचे मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्यापैकी बरेच लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले. पण घर तिथले असो की इथले, ज्यू माणसाच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी ठोकलेली दिसते. तिला मेझुझा म्हणतात आणि तिच्या आत याच अध्यायातली वचने लिहिलेली असतात. जाता-येता तिला हात लावून बोटे ओठांना लावायची. उंबरठा ओलांडताना घरात आपण कसे आहोत आणि बाहेर कसे असणार आहोत, याची आठवण त्या एका स्पर्शात होते.

वाटेने चालताना शिकवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंचे बालपण आठवावे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत गावोगावी, तीर्थोतीर्थी हिंडत राहिले. घराचा आसरा नव्हता, मग शाळेचे नाव कशाला? पण आई पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्याआधी, लहानग्या रमेला गोड शब्दांनी उठवून पाठ देत असे. ही शिकवण हिंदू घरातली होती. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या १८८३ मध्ये, इंग्लंडात. पण आईने पहाटेच्या वेळी लावलेली ग्रंथाची गोडी त्यांना जन्मभर पुरली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावे, अशी भाषा त्यांनी मुद्दाम निवडली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती सदनातल्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले आणि छपाई केली. एका आईने पहाटे दिलेल्या पाठाचे फळ किती लांबवर जाऊन पडले पाहा.

छडीचा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो अधिक अवघड आहे. एकदा शेजारच्या वाडीतला एक ख्रिस्ती बाप माझ्याकडे आला. मुलगा नववीत नापास झाला होता. बापाने त्याला बेदम मारले होते आणि तेव्हापासून मुलगा घरात कोणाशी बोलत नव्हता. बापाच्या मनात कुठेतरी खुपत असावे, पण तोंडाने तो म्हणाला, ‘‘गुरुजी, बायबलातच लिवलेला आसा ना, छडी आवरू नको म्हणान? मगे माझा चुकला खंय?’’ मी त्याला म्हटले, ‘‘बस हय. अर्धा वाचून आयलंस, आता पुरा वाचूया.’’

लपवण्यासारखे काही नाही. नीतिसूत्रे या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात, छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, अशा अर्थाचे वचन आहे. तेविसाव्या अध्यायात तर छडीने मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हे जुन्या काळातले व्यवहाराचे शहाणपण आहे. तेव्हा जगातल्या बहुतेक समाजांत मुलांना मार देणे ही नेहमीचीच गोष्ट होती. पण छडीसाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, तोच शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे. त्या स्तोत्रात मेंढराला काठीची भीती वाटत नाही, तिचा आधार वाटतो. मेंढपाळ काठीने मेंढरू वळवतो, लांडग्याला हाकलतो. मेंढरालाच झोडपत बसला तर कळप त्याच्यामागे येईल कसा? मी त्या बापाला एवढेच विचारले, ‘‘तुझ्या काठीन पोराक आधार वाटता की धाक?’’ तो काही बोलला नाही.

मग आम्ही नवा करार उघडला. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे. हे वाक्य सर्व पालकांना पाठ असते. पण तिथेच पुढे बापांनाही आज्ञा आहे. मुलांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात त्यांना वाढवा. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचे कारणही दिले आहे. चिडवलेली मुले खचून जातात. हे वाचताना तो काळ ध्यानात घ्यावा. रोमन कायद्याप्रमाणे बाप हा घराचा सर्वाधिकारी होता. मुलांच्या जगण्या-मरण्यावरही त्याचा हक्क चाले, आणि नवे बाळ घरात ठेवायचे की उघड्यावर टाकायचे हेही तोच ठरवी. अशा जगात बापालाच मर्यादा घालून देणारे आणि मुलाच्या मनाचा विचार करणारे हे वाक्य लिहिले गेले. आपल्या देशात शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि २०१० मध्ये लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली. शाळेच्या फाटकाच्या आत कायदा आला. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र आईबापांची सदसद्विवेकबुद्धीच पहारा देऊ शकते.

मग शिस्त नकोच का? हवी, आणि चांगली कडक हवी. ठरल्या वेळी उठणे, ताटात वाढलेले टाकू नये, मोडलेली वस्तू आपल्या हाताने दुरुस्त करणे, खोटे बोललो तर ज्याच्याशी बोललो त्याच्यासमोर जाऊन सांगणे, हे सगळे शिस्तीतच येते. माझ्या समजुतीप्रमाणे शिस्त आणि चीड यांतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. शिस्तीत आपल्या डोळ्यांपुढे मुलाचे उद्याचे भले असते. चिडीत डोळ्यांपुढे आपली आजची बेअब्रू असते. नववीत मुलगा नापास झाला म्हणून हात उचलला जातो, तेव्हा पुष्कळदा दुखलेले असते ते बापाचे नाक.

हरवलेला मुलगा

याच संदर्भात लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर वल्हांडण सणाला यरुशलेमला गेला. परतताना तो मागेच राहिला. आईबापांना वाटले, नातेवाइकांच्या तांड्यात असेल. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळले, मुलगा नाही. ते मागे फिरले आणि तीन दिवसांनी तो देवळात सापडला.

आपल्याकडे मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगातून निघत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. मुंबईहून चाकरमानी लोटतात आणि मग ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, अमुक रंगाचा शर्ट घातलेला मुलगा सापडला आहे, पालकांनी येऊन घेऊन जावे. आई धावत येते आणि सापडलेल्या पोराला पहिला मिळतो तो पाठीत धपाटा, मग मिठी. त्या धपाट्यातही जीव कासावीस झालेला असतो, हे आपल्याला कळते. पोराला कळते का?

पवित्र मरियेने काय केले? तिने मुलाला विचारले, बाळा, तू असे का केलेस? आणि आपल्या मनातली भीती लपवली नाही. तुझा बाप आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो, असे तिने सांगितले. मुलाने उत्तर दिले, ते आईबापांना कळले नाही. शुभवर्तमान हे स्पष्टच सांगते. जगातल्या सगळ्या आईबापांना यात केवढा दिलासा आहे! मरिया आणि योसेफ यांनाही आपला मुलगा कळला नव्हता. न कळलेली गोष्ट मरियेने मनात जपून ठेवली. मुलगा त्यांच्याबरोबर घरी गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने, शरीराने, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला. आधी प्रश्न, मग स्वतःचे दुःख सांगणे, मग ऐकणे आणि नाही कळले तरी धीर धरणे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वाढवणाऱ्यांसाठी याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. त्या नववीतल्या मुलाच्या बापाला मी हीच गोष्ट वाचून दाखवली आणि म्हटले, ‘‘पोराक एकदा इचार तरी, काय झाला ता. आणि मगे तू गप रव.’’

आपल्या भाषेतला देव

ऐकण्याची गोडी लागायला भाषा आपली हवी. मी लहान होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आम्ही पोरे न समजता ओठ हलवत असू. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यामुळे उपासना लोकांच्या भाषेत आली, आणि आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक आहेत, हेही त्या परिषदेने ठासून सांगितले.

पण मराठीपुरते बोलायचे तर ही जाण साडेतीनशे वर्षे आधीच आलेली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या आणि सगळ्या मराठीत! त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपल्यावर ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण धर्मगुरूंना विचारतो की ही शिकवण ठीक, पण आमची जुनी पुराणे सुटली, आता त्यांच्या जागी आम्ही ऐकावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पुराण उभे राहिले. प्रश्नोत्तरे पाठ करून घेता येतात, पण मन भरते ते कथेने, हे त्या पाद्र्यांनी ओळखले होते.

आणि घरच्या घरी हा वारसा कसा पुढे जातो, याचे उदाहरण कोकणात जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात सापडते. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले, पण १९१९ मध्ये ते वारले तेव्हा सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. ज्यांना शाळा म्हणून मिळाली नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहून ग्रंथ पुरा केला. बापाने सुरू केलेले, आईने चालवलेले आणि मुलाने पूर्ण केलेले असे हे काम. मुलावर हे कोणी लादले असते तर ते तडीस गेले असते, असे मला वाटत नाही. घरात रोज जे दिसत होते, तेच त्याच्या हातून उतरले.

तरवा उपटून पाहू नये

आता कोणी विचारील, हे सगळे केले तर गुण कधी येणार? येशूने याचे उत्तर एका शेतकऱ्याच्या दृष्टांतात दिले आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो आहे. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजते, वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मसुऱ्याच्या मळ्यात भात लावणाऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. मृगात बी पेरले, तरवा तयार झाला, लावणी झाली. त्यानंतर बेणणी करायची, पाणी राखायचे, बांध फुटला तर घालायचा. मूळ धरले की नाही हे पाहायला रोज तरवा उपटून पाहणाऱ्याच्या घरात भात यायचे नाही. आपण मात्र मुलांच्या बाबतीत हेच करतो. काल सांगितले, आज बदल का नाही?

नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात मुलाला त्याच्या वाटेचे शिक्षण देण्याविषयी एक प्रसिद्ध वचन आहे. मूळ हिब्रूत त्या शब्दांचा ‘त्याच्या स्वतःच्या वाटेप्रमाणे’ असाही अर्थ निघतो. ज्या कातळावर काजू उभा राहतो तिथे माड जगत नाही, हे आपण जाणतो. एकाच घरातली दोन मुले एकाच साच्याची नसतात, हेही जाणायला हवे.

म्हणून मी पालकांना मोठी यादी देत नाही. मोशेच्या चार वेळांना एकेक गोष्ट जोडायला सांगतो. उठताना मुलाच्या कानावर पडणारा पहिला शब्द रागाचा नसावा. वाटेने चालताना आपण कमी बोलावे, त्याला बोलू द्यावे. जेवायला बसल्यावर अन्नासाठी देवाचे आभार मानावेत आणि ज्याने पिकवले, जिने रांधले, त्यांचेही नाव घ्यावे. निजताना दिवसभराचा राग मिटवावा, कारण सूर्य मावळण्यापूर्वी राग संपवावा असे पौलाचे सांगणे आहे. चूक आपली असेल तर बापाने मुलाला तसे सांगावे. त्याने बापाची किंमत घटत नाही. उलट, चुकल्यावर माणूस काय करतो हे मुलाला कळते. हे आईबापांनी रोज केले तर आध्यात्मिक वाढ म्हणून वेगळे काही करावे लागत नाही. मुलाला वाढवता वाढवता आपणच थोडे वाढतो.

त्या नववीतल्या मुलाचे काय झाले, असे तुमच्या मनात आले असेल. तो पुन्हा नववीला बसला आणि पास झाला. पण त्याआधीच, पावसाळ्याच्या एका संध्याकाळी, त्याच्या बापाने मला वाटेत गाठून सांगितले, ‘‘गुरुजी, काल तेर्स झाल्यार पोर आपणहून माझ्याकडे बेसांव मागूक इलो.’’ बाप एवढेच म्हणाला आणि छत्री सावरत पुढे गेला.